तुमच्या हातच्या चहात विष नाही, ताई

या आठवड्याचं पत्र परभणी जिल्ह्यातून आलं आहे. नाव-गाव गाळून, भाषा शक्यतो आहे तशीच ठेवून देते.

"ताई, नमस्कार. माझं शिक्षण सातवीपर्यंत. मी सांगायले आणि पोरगी लिहायली. तालुक्याच्या गावी मोंढ्याच्या कोपऱ्यावर आमचं चहाचं छोटं हाटेल आहे. सकाळी साडेपाचला शेगडी पेटते ती रात्री आठला विझते. हमाल, आडतीवरचे मुनीम, माल घेऊन आलेले शेतकरी, एसटीचे ड्रायव्हर-कंडक्टर असं गिऱ्हाईक. दिवसाला ३०० चहा जातात. आधी काचेचे ग्लास होते. कोरोनात लोक ग्लासाला तोंड लावेनात, तेव्हापासून कागदी कप. आडत दुकानावर पार्सल द्यायचं तर पन्नीत बांधून देतो. मागच्या महिन्यात एका पोरानं मोबाईलवरचा मेसेज सगळ्यांना वाचून दाखवला, की कागदी कपातून प्लॅस्टिक पोटात जातं, त्यानं कॅन्सर होतो, चहावाले लोकांना विष पाजायलेत. तेव्हापासून माझी झोप उडाली. मालक म्हणतात, मी इतके वर्षं पुडी खातो, मला काय झालं, तू लोकांचं मनावर घेऊ नको. सून सहा महिन्यांची गरोदर आहे. ती पण हाटेलावर बसते, दिवसातून चार-पाच चहा तिचे होतात. ग्लास परत काढावेत तर धुवायला पाणी कुठून आणू? आमचं पाणी विकतचं. उन्हाळ्यात टिपाडाला ७० रुपये जातात. कागदी कप ५० पैशाला पडतो. मी पाप केलं का, एवढं सांगा."

खाली दुसऱ्या शाईत चार ओळी आहेत. "मॅडम, मम्मीनं सांगितलेलं इथं संपलं. पुढचं माझं. मी बारावीला आहे. रात्री अभ्यासाला बसताना हाटेलातून कागदी कपात चहा आणते आणि तासभर थोडा थोडा पिते. मला काही होईल का?"

ताई, तुम्ही शेवटी विचारलेलं आधी सांगते. तुम्ही पाप केलेलं नाही. २०१८ साली राज्यात प्लॅस्टिकबंदी आली तेव्हा प्लॅस्टिकचे कप गेले, त्यांच्या जागी कागदी आले, आणि कागद म्हणजे चांगलाच असं आपण सगळेच धरून चाललो. कोरोनात एकाचा उष्टा ग्लास दुसऱ्याला नको म्हणून तुम्ही काच बाजूला ठेवली, तीही गिऱ्हाइकाच्या काळजीपोटी. मी आयुष्यभर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं. तरी घरच्या कार्याला आणि गावच्या सप्ताहाला कागदी कपांचे गठ्ठे मीच मागवलेले आहेत. कागदात चहा टिकतो कसा, हा प्रश्न मला तेव्हा पडायला हवा होता. लहानपणी पावसाच्या पाण्यात सोडलेली वहीच्या कागदाची होडी दहा मिनिटांत बसायची, हे तर आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे.

तुमचं पत्र वाचलं त्या संध्याकाळी मी कोपऱ्यावरच्या टपरीवरून चार कोरे कप मागून आणले. भगुण्यात कोमट पाणी घेतलं, त्यात चमचाभर धुण्याचा सोडा टाकला आणि कप बुडवून वर ताटली दाबून ठेवली. सकाळी कपांची शिवण सुटलेली होती. अंगठ्यानं चोळलं की बाहेरचा कागद लगदा होऊन निघत होता, सैल कणकेसारखा बोटांना चिकटत होता. असं चोळत चोळत शेवटी हातात राहिली ती एक पारदर्शक साय. दुधावरच्या सायीपेक्षाही पातळ. फुंकर मारली की थरथरायची. खिडकीशी धरली तर पलीकडचा कडुनिंब आरपार दिसत होता. दोन्ही हातांनी ओढली तर लांबली, पण कागदासारखी फाटली नाही. चहा कपात टिकतो तो या सायीच्या जिवावर. कागद बाहेरून फक्त आकार देतो.

ती साय बहुतेक कपांत पॉलिथिनची असते. आपली कॅरीबॅग ज्याची, शेतातली ठिबकची नळी ज्याची, तेच हे प्लॅस्टिक. ठिबकची नळी तुमच्या शेतकरी गिऱ्हाइकांना चांगली माहीत आहे. पहाटे ती ताठ असते, चैत्र-वैशाखाच्या दुपारी हात लावला तर ढिली पडलेली, सरीवरून सरकलेली असते. वितळत नाही, पण ऊन लागलं की तिचा ताठा जातो. कपातल्या सायीचं तसंच आहे, आणि तिच्यावर ऊन नाही, उकळता चहा पडतो. तापून सैल झालेल्या सायीतून बारीक बारीक कण सुटतात. ५ मिलिमीटरपेक्षा लहान कणांना मायक्रोप्लॅस्टिक म्हणतात, पण चहात उतरणारे त्याहून फार लहान असतात. केसाच्या जाडीच्या कितीतरी पट बारीक. डोळ्यांना दिसत नाहीत, जिभेला लागत नाहीत.

खरगपूरच्या आयआयटीत प्राध्यापक सुधा गोयल आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी २०२० मध्ये नेमकं हेच तपासलं. कागदी कपात ८५ ते ९० अंशांचं १०० मिलिलिटर पाणी ओतलं आणि १५ मिनिटं राहू दिलं. त्या पाण्यात प्लॅस्टिकचे सुमारे २५,००० कण सापडले. दिवसाला ३ कप म्हणजे ७५,००० कण, असा जो आकडा मोबाईलवर फिरतो, तो या अभ्यासातून आलेला आहे आणि तो खोटा नाही. फक्त तो तुमच्या हाटेलाला जसाच्या तसा लागू होत नाही. तुमचा कप ६०-७० मिलिलिटरचा असणार, आणि तुमचा हमाल १५ मिनिटं चहा हातात धरून बसत नाही. पाठीवर पुढचं पोतं यायच्या आत चार घोटांत संपवतो. त्याच्या पोटात कण कमी जातात. तुमच्या लेकीच्या पोटात जास्त, तिच्याकडे शेवटी येते.

आकड्यांवरून घाबरू नका म्हणते त्याला कारण आहे. २०१९ मध्ये कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठानं प्लॅस्टिकच्या टी-बॅगा गरम पाण्यात बुडवल्या तर एका बॅगेतून १,१६० कोटी कण निघाले असं सांगितलं. ती मोजणी फुगलेली आहे अशी हरकत पुढं दुसऱ्या शास्त्रज्ञांनी घेतली. २०२५ मध्ये इंग्लंडात बर्मिंगहॅमच्या संशोधकांनी दुकानांतली पेयं तपासली, तर गरम चहात लिटरमागे सरासरी ६० कण निघाले. कुठं ६०, कुठं हजार कोटी! एकानं गव्हाच्या चाळणीनं चाळलं आणि दुसऱ्यानं मैद्याच्या, असा हा प्रकार आहे. जो जितके बारीक कण मोजायला जातो, त्याचा आकडा तितका मोठा येतो. माणूस दर आठवड्याला एटीएम कार्डाएवढं प्लॅस्टिक खातो, हा मेसेजही तुमच्याकडे आला असेल. तो हिशेब फारच वाढवून केलेला होता, तो सोडून द्या. पण एका गोष्टीवर बहुतेक अभ्यासांचं एकमत आहे: पेय जितकं गरम, कण तितके जास्त. बर्मिंगहॅमवाल्यांना गरम चहात ६० कण मिळाले, तर थंडगार चहात ३१.

आता शरीराचं. नेदरलँड्समध्ये २०२२ साली २२ माणसांचं रक्त तपासलं, त्यातल्या १७ जणांच्या रक्तात प्लॅस्टिक होतं. २०२४ मध्ये इटलीत मानेच्या रक्तवाहिनीत साचलेली चरबी काढलेल्या २५७ रुग्णांवर लक्ष ठेवलं गेलं. १५० जणांच्या त्या चरबीत पॉलिथिन सापडलं. ज्यांच्यात प्लॅस्टिक होतं त्यांना पुढच्या पावणेतीन-तीन वर्षांत हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा मृत्यू येण्याचा धोका इतरांपेक्षा साडेचार पट दिसला. हे वाचून माझ्याही पोटात गोळा आला होता. पण नीट समजून घ्या. ते प्लॅस्टिक चहाच्या कपातून आलं असं त्यात कुठं म्हटलेलं नाही, आणि झटका प्लॅस्टिकमुळंच आला असंही सिद्ध झालेलं नाही. दोन गोष्टी बरोबर दिसल्या, इतकंच. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ मध्ये सगळा पुरावा पाहून ठोस निष्कर्षाला तो अपुरा आहे असंच सांगितलं. आपल्या देशातल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानंही २०२४ मध्ये अन्नातल्या प्लॅस्टिक कणांवर काम सुरू केलं आहे. तेव्हा "कागदी कपानं कॅन्सर होतो" हे आज कुणी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. तसंच "काही होत नाही" हेही नाही. मी माझ्या घरासाठी एवढंच ठरवलं की ज्या वस्तूनं चहाला चव येत नाही, ताकद येत नाही, आणि जी वगळणं माझ्या हातात आहे, ती गरम चहाजवळ येऊ द्यायची नाही.

कॅन्सरचा विषय निघालाच आहे तर तुमच्या पत्रातली एक ओळ मला सोडवत नाही. मालकांची पुडी. तुम्ही ती जाता जाता लिहिली, पण सगळ्या पत्रात मला खरी भीती तिचीच वाटली. तंबाखू आणि सुपारी या दोन्हींनी कॅन्सर होतो हे पुरतं सिद्ध झालेलं आहे, त्यात आता कुठला "कदाचित" उरलेला नाही. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे ती उगीच नाही. मालकांचं तोंड पूर्ण उघडतं का, बघा. तीन बोटं एकावर एक धरून तोंडात जात नसतील, गालात आत पांढरा चट्टा असेल किंवा तिखट लागलं की आग होत असेल, तर हे पत्र खाली ठेवा आणि त्यांना सरकारी दवाखान्यात दातांच्या डॉक्टरकडे घेऊन जा. कपाचं आपण नंतर बघू.

दुसरी गोष्ट चहाच्या चटक्याची. ६५ अंशांपेक्षा गरम पेय नेहमी पिण्यानं अन्ननलिकेच्या कॅन्सरचा धोका वाढत असावा, असं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं २०१६ मध्ये सांगितलं. किटलीतून ओठाला लावलेला चहा त्याहून गरम असतो. आपली जुनी माणसं बशीत ओतून, फुंकर घालून प्यायची. त्यांना हे शास्त्र माहीत नव्हतं, पण बशीत चहा दोन मिनिटांत पिण्याजोगा होतो, हे जिभेला माहीत होतं. म्हाताऱ्या गिऱ्हाइकांसाठी चार बश्या ठेवा. ती खूश होतील.

आता कामाचं. सगळं एका दिवसात बदलायला जाऊ नका. आधी बंद करा ती पन्नी. कागदी कपाबद्दल माझ्या मनात दोन बाजू आहेत, पन्नीबद्दल नाहीत. तिथं मध्ये कागद नाही, काही नाही. उकळता चहा थेट पातळ प्लॅस्टिकमध्ये, वर रबरबँड, आणि आडतीवर पोचून ग्लासात पडेपर्यंत तो त्यातच हिंदकळतो. या पिशव्या पुष्कळदा जुनं प्लॅस्टिक वितळवून केलेल्या असतात, आणि तशा पिशव्या खाण्यापिण्याला वापरायच्याच नसतात. राज्यात त्यांच्यावर बंदी आहेच. पार्सल स्टीलच्या किटलीतून पाठवा, सोबत तारेच्या चौकटीत सहा ग्लास. तुमच्या सासऱ्यांच्या काळी आडतीवर चहा असाच जात असणार. एखादा मुनीम म्हणेल पन्नीच बरी, तर त्याला सांगा, आता मिळत नाही. चहा तुमचा चांगला असेल तर तो किटलीतलाही पिईल.

मग काच. तुम्ही आकडे दिलेत म्हणून मला वहीत हिशेब मांडता आला. ३०० कप, ५० पैशांनी, रोजचे १५० रुपये. महिन्याचे ४,५००. जाड काचेचा चहाचा ग्लास आमच्याकडच्या भांड्याच्या दुकानात १५ रुपयांच्या आत मिळतो. असे ६० घेतले तर ९०० रुपये, म्हणजे आठवडाभराच्या कागदी कपांपेक्षाही कमी. राहिलं पाणी. इथं मी तुमचं म्हणणं हलक्यात घेत नाही. ज्या भागात २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथं बाईनं "धुवायला पाणी कुठून आणू" विचारलं तर त्याला काचेचे फायदे सांगणं हे उत्तर नाही.

म्हणून तीन टब. नळाखाली एकेक ग्लास धरायचा नाही. उरलेला चहा आणि गाळ आधी बादलीत ओतून टाकायचा. पहिल्या टबात साबणाचं पाणी, दुसऱ्यात साधं, तिसऱ्यात स्वच्छ. ५० ग्लास झाले की पहिल्यातलं पाणी टाकायचं, दुसऱ्यातलं पहिल्यात, तिसऱ्यातलं दुसऱ्यात घ्यायचं आणि ताजं फक्त तिसऱ्यात भरायचं. टब २० लिटरचा धरला तर ३०० ग्लासांना १२० लिटर, पहाटे सुरुवातीला भरायच्या दोन टबांचे ४० धरून १६०. टिपाड २०० लिटरचं. भर उन्हाळ्यातही ७० रुपयांच्या एका टिपाडात तुमचा दिवस निघतो आणि थोडं पाणी उरतंही. १५० चे ७० झाले, वर साबण आणि महिन्याला फुटणारे चार-सहा ग्लास. तिसऱ्या टबातून काढलेला ग्लास शेगडीच्या कडेला ठेवलेल्या कढत पाण्यात एकदा बुडवून काढा आणि जाळीवर उपडा घाला. फडक्यानं पुसू नका, ते फडकंच सगळ्यात घाण असतं. हे धुणं गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर करा. कोरोनातली शंका बोलण्यानं जात नाही, पाहिलं की जाते.

रोजच्या हमालांनी आपापला स्टीलचा पेला हाटेलात ठेवावा, असंही मला सुचलं होतं. घरची भांडी असतात तसं प्रत्येकावर नाव टाकून, खिळ्याला टांगलेले. धुणं आणखी कमी होईल. पण लिहिता लिहिता मी थांबले. आपल्या गावांतल्या हाटेलांत काही माणसांचा कप वेगळा ठेवायची रीत होती. तो बाहेर कोनाड्यात असायचा, आणि त्यानं तो पिऊन स्वतःच धुवायचा. ती रीत मोडायला माणसांना मार खावा लागला आहे. कागदी कपाचं एक मात्र बरं होतं, तो कुणाचाच नव्हता. म्हणून कुणाचाही पेला वेगळा नको, ताई. ग्लास सगळे एकसारखे, सगळ्यांचे एकाच टबात धुतलेले, आणि हातात येईल तो कुणालाही. नाव टाकलेला पेला घरी ठीक आहे.

एखाद्या दिवशी टँकर आलाच नाही, ग्लास धुवायची सोयच नाही, तर कागदी कप काढा. त्यात अपराध मानू नका. पूर्ण प्लॅस्टिकच्या कपापेक्षा कागदी कपातून कण कमी सुटतात, असं ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासात दिसलं आहे. फक्त चहा किटलीत पाच मिनिटं निवू द्या, आणि मग ओता. वापरलेले कप संध्याकाळी हाटेलामागं पेटवू नका, तो धूर पहिल्यांदा तुमच्या आणि सुनेच्या नाकात जातो. उघड्यावरही टाकू नका. साखरेच्या वासानं गुरं ते कप खातात, आणि पॉलिथिन गुरांच्या पोटात जातं ते बाहेर येत नाही.

तुमचं पाणी बोअरचं असेल तर त्यातली एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे. आपण ज्या पाण्याला नावं ठेवतो, ज्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही आणि पातेल्याच्या बुडाला पांढरा थर धरतो, ते जड पाणी इथं उपयोगी पडतं. चीनमध्ये ग्वांगझोऊच्या संशोधकांनी २०२४ मध्ये दाखवलं की पाणी पाच मिनिटं उकळलं की त्यातला चुना बाहेर पडतो आणि पडताना प्लॅस्टिकचे कण स्वतःत अडकवून घेतो. लिटरला ३०० मिलिग्रॅम चुन्याच्या जड पाण्यातून सुमारे ९० टक्क्यांपर्यंत कण असे निघाले. हलक्या पाण्यातून जेमतेम पाव. मराठवाड्यातल्या कितीतरी बोअरांचं पाणी या जड जातीचं आहे. पण हा प्रयोग नुसत्या पाण्यावर झालेला आहे, दूध-साखर घातलेल्या चहावर नाही. तेव्हा पाणी आधी पाच मिनिटं खळखळा उकळा, निवू द्या, वरचं पाणी अलगद दुसऱ्या पातेल्यात गाळून घ्या आणि तळाचं पांढरं टाकून द्या. मग त्याचा चहा. हाटेलाच्या घाईत प्रत्येक वेळी जमणार नाही, गॅसही जळतो. सुनेच्या पिण्याच्या पाण्यासाठी मात्र कराच.

सूनबाईचं स्वतंत्र सांगते. इटलीत ६ बाळंतिणींची वार तपासली, त्यातल्या ४ जणींच्या वारेत प्लॅस्टिकचे कण सापडले. बाळांना त्यानं काही झालं असं त्यात नाही, पण तिचा चहा आजपासून स्टीलच्या पेल्यात द्या. आणि चार-पाच नको, दोनच. हे मी प्लॅस्टिकसाठी म्हणत नाही. चहामुळं अन्नातलं आणि गोळीतलं लोह अंगी लागत नाही. आपल्याकडं गरोदर बायकांचं रक्त किती कमी भरतं, ते आशाताईंना विचारा. लोहाची गोळी आणि चहा यांत दोन तासांचं अंतर हवं, जेवणावर लगेच चहा नको. बाळ आल्यावर अंगावरच्या दुधासारखं काही नाही. कधी वरचं दूध द्यायची वेळ आलीच तर वाटी-चमचा. प्लॅस्टिकची बाटली आणूच नका. २०२० मध्ये डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजनं तशा बाटल्या तपासल्या. पाणी २५ अंशांचं होतं तेव्हा लिटरला ६ लाख कण निघाले, ९५ अंशांचं झालं तेव्हा साडेपाच कोटी.

बाकी किरकोळ. चहाची गाळणी प्लॅस्टिकची असेल तर स्टीलची घ्या, ती रोज उकळत्या चहाखाली असते. "फायबर" म्हणून मिळणारे न फुटणारे कपही प्लॅस्टिकच. जर्मनची, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची किटली झिजली असेल तर पुढची स्टीलची बघा. गावात सप्ताह असेल आणि पंगतीला चहा तुमच्याकडून जाणार असेल, तर कुंभाराला महिनाभर आधी सांगून कुल्हड करून घ्या. एवढ्या माणसांना काच पुरत नाही, आणि कुंभाराच्या चाकालाही काम मिळेल.

आता लेकीचं. बाळा, तू विचारलंस ते बरोबर जागी बोट ठेवून विचारलंस. तुमच्या हाटेलातल्या सगळ्या गिऱ्हाइकांत कपात चहा सगळ्यात जास्त वेळ ठेवणारी तूच आहेस. खरगपूरवाल्यांनी गरम पाणी १५ मिनिटं ठेवलं होतं, तू चहा तासभर ठेवतेस. पण घाबरून अभ्यास मोडू नकोस. यातले मोठे कण आतड्यातून शरीरात शिरतच नाहीत, ते मार्गी लागतात. काही अगदी बारीक कण आत जाऊ शकतात, म्हणूनच ही सवय आज बदलायची. स्टीलचा पेला घे, वर वाटी झाक, आणि निवलाच तर पातेल्यात परत गरम कर. रात्री दहानंतर मात्र चहा नको, झोपेशिवाय पाठांतर टिकत नाही.

तू शास्त्र शाखेला असशील तर तुमच्या रसायनशास्त्रात पॉलिमरचा धडा आहे. तो उघडायच्या आदल्या रात्री हाटेलातला एक कोरा कप सोड्याच्या पाण्यात भिजत घाल. सकाळी चोळून काढलेली साय वहीच्या पानावर चिकटव आणि त्या मेसेज वाचणाऱ्या पोराला दाखव. आईला टबांचा हिशेबही तूच एकदा वाचून दाखव, आणि पहिल्या दिवशी टिपाडातलं पाणी किती उरलं, ते मला लिहून कळव.